टेस्टिंगच्या हौदातले बेडूकमासे: प्रकल्प नोंदी

९ जून, रविवार

काल रात्री चांगलाच झोडपला. सकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा डोंगर दिसलाच नाही. दुकान बंद होतं, पण मागच्या हौदात पाणी किती चढलं ते बघायला म्हणून गेलो.

हा हौद सबमर्सिबल पंप टेस्ट करायचा. पाच फूट बाय चार, खोली चार फूट, काठ जमिनीपासून वीतभर वर. मोटारीचं रिवाइंडिंग (जळालेली तार काढून नवी भरणं) झालं की पंप चेनपुलीनं आत सोडायचा, अँपिअर बघायचे, वर काढायचा. पाऊस सुरू झाला की शेतकऱ्याला पंपाची आठवण राहत नाही आणि आमचा धंदा झोपतो. त्यामुळं गेले दहा दिवस या पाण्याला कुणाचा हात लागलेला नाही.

आत लोंबणाऱ्या जुन्या केबलला काळ्या मण्यांच्या माळा गुंडाळलेल्या दिसल्या. उचलून पाहिली तर बुळबुळीत. पारदर्शक, सरबरीत नळी आणि तिच्यात राजगिऱ्याहून थोडे मोठे काळे दाणे ओळीनं. अशा दोन माळा जोडीनं चाललेल्या. कोपऱ्यात एक भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) दुसऱ्याच्या पाठीवर अजून चिकटून होता. वरचा नर लहान, खालची मादी त्याच्या दीडपट. रात्रभर ओरडत होता तो हाच असणार.

पुतणी नववीत आहे. शाळा उघडली की प्रकल्प मागणारच. "काका, मी हाच घेते," म्हणाली. नोंदी मी ठेवायच्या आणि वही तिनं करायची, असं ठरलं. दहा सेंटिमीटर लांबीत दोन्ही पदर मिळून ८४ दाणे भरले. सगळी माळ मोजायचा नाद अर्ध्या तासात सोडला.

१० जून

दाणे गोल राहिले नाहीत. शेंगदाण्याच्या आकारावर आलेत, काही किंचित वाकलेत.

घाटाच्या पायथ्याला रस्त्याकडेच्या चरात आणखी एक माळ सापडली. तिचा हातभर तुकडा वेगळ्या बादलीत आणला. उपयोगी पडेल.

११ जून

फुटले. सकाळी दुकान उघडलं तेव्हा नळी सैल पडून तिची लक्तरं झाली होती आणि त्या लक्तरांना काळे स्वल्पविराम चिकटलेले. हजारांवर असतील. आमचा हेल्पर वाकून बघून म्हणाला, "मालक, मेलंत सगळं."

तसं वाटावं अशीच स्थिती होती. एकही पोहत नव्हता. डोकं वर, शेपूट खाली, नुसते लटकलेले. काडीनं एकाला हळूच डिवचलं तर शेपूट थरथरली, दोन सेकंद वेडंवाकडं फिरला आणि बुडाला जाऊन बसला. जिवंत आहेत.

व्हर्निअरनं मोजले: साडेचार मिलिमीटर. तारेचं गेज बघायचं माझं दहापटीचं भिंग आहे, ते लावून तासभर पाहिलं. ह्याला अजून बेडूकमासा म्हणता येणार नाही. डोळे म्हणजे दोन फुगवटे. तोंड नाही. तोंड जिथं यायचं त्याच्या खाली मात्र एक चिकट जागा आहे, आणि जनावर तिच्याच जोरावर लटकतं. पोहायचे स्नायू धड झालेले नाहीत, तळाच्या गाळात गेलं तर गुदमरेल, म्हणून निसर्गानं आधी हूक दिलाय. आम्ही पंप पाण्यात सोडताना दोर बांधतो तसं.

पुतणीनं पुस्तकात बघून सांगितलं, की अंड्याबाहेर पडायला तो धडका मारत नाही. डोक्याच्या पुढच्या भागातल्या पेशी एक रस सोडतात, त्यानं वेष्टण विरघळतं आणि मग थोडं वळवळलं की वाट होते. मला वाटलं होतं कोंबडीच्या पिलासारखं टोचत असेल.

१२ जून

आज डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक झालर दिसते. बाहेरचे कल्ले. भिंगाखाली एका कोनात प्रकाश पाडला तर त्या झालरीतून रक्त धक्क्याधक्क्यानं सरकताना दिसतं. पुतणीला दाखवलं तर अर्धा तास भिंग सोडेना. शेवटी तिला चहाच्या निमित्तानं उठवलं.

खायला काही घातलं नाही, कारण खायला तोंडच नाही. पोटात अंड्यातला बलक शिल्लक आहे, सध्या सगळं त्याच्यावर चाललंय. लाइन जोडलेली नाही, गाडी बॅटरीवर.

१३ जून

व्हायचं तेच झालं. मेढ्याकडचं एक गिऱ्हाईक साडेसात एचपीचा पंप घेऊन हजर. त्यांना आजच टेस्टिंग पाहिजे. हौदात वाकून बघितलं आणि म्हणाले, "मासं पाळल्यात व्हय?"

मासे नाहीत, भेकाची पिल्लं आहेत, म्हटल्यावर माणूस खूश झाला. त्यांच्या खाचरात असतात म्हणे ढिगानं. मग आपणहोऊनच लहानपणची गोष्ट सांगत बसले: पावसाळ्यात रात्री गॅसबत्त्या घेऊन बेडूक पकडायला माणसं यायची, पोती भरभरून न्यायची. तंगड्या परदेशात जायच्या. सरकारनं १९८७ साली बेडकांची निर्यात बंद केली, तेव्हा ते थांबलं. भेकाला मात्र तेव्हाही कुणी विचारत नसे, त्याच्या कातडीत विष. डोळ्यांमागं दोन गाठी असतात, त्यातून दुधासारखं काही तरी सुटतं. कुत्र्यानं एकदा तोंड लावलं की पुन्हा नाव काढत नाही.

गप्पा छान झाल्या, पण पंप टेस्ट करायचाच होता. चालू पंपाच्या जाळीतून हे साडेचार मिलिमीटर सरळ आत गेले असते. मी आणि पोऱ्यानं चहाच्या गाळणीनं आणि मगानं शक्य तेवढे काढले. दोनशेच्या आसपास निळ्या टबात, बाकीचे मागच्या प्लास्टिकच्या टाकीत. टबात पाणी कमी पडलं म्हणून नळाचं ओतलं.

ही माझी चूक.

१४ जून

टबात निम्मे मेले. पांढरट पडून तळाशी पसरलेले. टाकीतले, जिथं फक्त पावसाचं पाणी होतं, ते धडधाकट.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्या पोटाला तो चालतो. ह्यांची कातडी मात्र कागदापेक्षा पातळ आणि कल्ले उघडे. एक दिवस बादलीत उघडं ठेवलं असतं तर क्लोरीन उडून गेला असता. हे मला माहीत होतं. घरच्या फिश टँकला मी तेच करतो. घाईत लक्षात राहिलं नाही. पुतणी काही बोलली नाही, वहीत '९७ मृत' एवढंच लिहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ जून

तोंड उघडलं! काल संध्याकाळपासून टबाच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडतायत. भिंगातून ओठांच्या जागी काळी चोच दिसते, तिच्या वरखाली कंगव्यासारख्या बारीक दातांच्या ओळी. हाडाचे दात नव्हेत, नखासारखे.

बाहेरची झालर गेली. म्हणजे गळून पडली नाही, तिच्यावर कातडीचा पडदा चढला. आता पाणी तोंडातून आत येतं, आतल्या कल्ल्यांवरून जातं आणि डाव्या कुशीवरच्या एका बारीक नळीतून बाहेर पडतं. फक्त डाव्या. पाण्यात हळदीची चिमूट टाकून पाहिली, पिवळे कण डावीकडूनच बाहेर उडताना दिसले. एक सक्शन, एक डिलिव्हरी. ह्यात मला समजावून सांगण्यासारखं काही उरलं नाही.

गॉस्नर यांनी १९६० साली बेडकाच्या वाढीचा ४६ पायऱ्यांचा तक्ता केला, जगभर अजून तोच वापरतात. त्यात अंड्यातून बाहेर पडणं साधारण विसाव्या पायरीला येतं आणि कल्ले झाकून खाणं सुरू होतं ते पंचविसाव्या. ह्या मधल्या पाच पायऱ्यांत आमचे तीन-चार दिवस गेले आणि सगळ्यात जास्त उलथापालथ इथंच झाली. पाठ्यपुस्तकात मात्र अंडं, मग शेपटीवाला, मग पायवाला अशी चार चित्रं असतात. लटकण्याचं चित्र नसतंच.

१८ जून

आजची नोंद माझ्यासाठी.

एक बेडूकमासा काचेच्या बशीत उलटा धरला. पोटाची कातडी पारदर्शक. आत आतडं दिसतं, आणि ते कॉइल आहे. खरोखरची कॉइल. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी, वेढ्याला वेढा लागून, कुठं एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. बावीस वर्षं मोटारीच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या भागात) हातानं तार भरतोय, इतकी सुबक बसवायला मला अजूनही दोनदा उकलावी लागते.

एवढं लांब आतडं कशाला? शेवाळ आणि कुजका पाला पचवायला वेळ लागतो, म्हणून रस्ता लांब. मोठा भेक किडे खातो, त्याला आखूड पुरतं. म्हणजे बेडूक होताना ही सगळी कॉइल उकलून पुन्हा आखूड भरायची. रिवाइंडिंगच, तेही मोटार बंद न करता.

२० जून

पालक उकडून घातला, जास्त झाला. रात्रीत पाण्याला वास आणि सगळे पृष्ठभागावर तोंड काढून. निम्मं पाणी बदललं (बादलीत दोन दिवस ठेवलेलं). आता नखाएवढा तुकडा, तोही दुपारपर्यंत उरला तर काढायचा.

२३ जून, रविवार

टाकीतले बेडूकमासे एकटे राहत नाहीत. काळा ढग करून हिंडतात. ह्यावर पुतणीनं काही वाचून आणलं: धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात नेमक्या ह्याच भेकाच्या पिल्लांवर काम झालंय, २००० साली छापूनही आलं. ती आपली सख्खी भावंडं ओळखतात, तेही वासावरून, आणि परक्यांपेक्षा त्यांच्याजवळ राहतात.

आपल्याकडं दोन माळांची पिल्लं आहेतच. हौदातली आणि चरातली. म्हटलं, करून बघू.

पन्हाळीचा पीव्हीसी अर्धा पाइप घेतला, चार फूट. दोन्ही टोकं बंद केली, टोकांपासून अर्ध्या फुटावर मच्छरदाणीच्या जाळीचे पडदे लावले. एका टोकाला जाळीआड हौदातले पंधरा, दुसऱ्या टोकाला चरातले पंधरा. मध्ये हौदातलेच वीस सोडले. दहा मिनिटांनी अठरा भावंडांच्या टोकाला! पुतणी नाचलीच. पुन्हा केलं, सतरा.

तिसऱ्या खेपेला मी टोकांची अदलाबदल केली. भावंडं डावीकडं, परके उजवीकडं. पुन्हा सगळे उजवीकडंच.

उजवीकडं ऊन होतं. पाण्यात बोट घातलं तरी कळत होतं, थर्मामीटर लावला तर डाव्या टोकाला २६, उजव्याला ३० अंश. ह्यांना भाऊ नको होता, ऊब पाहिजे होती. डबक्यातही दुपारी काठाच्या उथळ पाण्यात का गर्दी करतात त्याचं उत्तर फुकटात मिळालं. ऊब असली की वाढ भरभर होते, आणि डबकं आटायच्या आत वाढ झाली नाही तर पुढचं काहीच नाही.

२४ जून

पाइप शेडच्या आत घेतला. दोन्ही टोकं २६ अंश. तीन खेपा, प्रत्येक वेळी पाणी बदलून, टोकं फिरवून.

भावंडांकडे १२, परक्यांकडे ५, मध्येच ३.
मग ९, ९, २.
मग १३, ४, ३.

पुतणीनं लगेच 'सिद्ध झाले' लिहायला घेतलं. मी थांबवलं. तिन्ही वेळा मी पाहत होतो: एक निघाला की चार त्याच्या मागं. म्हणजे वीस जण सोडले तरी मतं वीस नाहीत, दोन-तीनच आहेत. ग्रामसभेत पुढच्या रांगेनं हात वर केला की मागचे करतात तसं.

२६ जून

एकेक सोडला. तीस पिल्लं, प्रत्येकाला पाच मिनिटं. दोन दिवस संध्याकाळी हेच. १९ भावंडांकडे, ११ परक्यांकडे. नाणं तीसदा उडवलं तरी कधीमधी एवढा फरक पडतो. तिला म्हटलं, जसं आलं तसं लिही. धारवाडवाल्यांचं बरोबरच असेल, आपला पाइप तेवढा चांगला नाही. रुसली, पण लिहिलं.

३० जून, रविवार

यवतेश्वरला चढलो. सड्यावर (माथ्याच्या सपाट कातळावर) जांभ्या दगडात पावसानं भरलेल्या खळग्यांची नुसती रांग लागलीय. एका खळग्यात काहीच नाही असं वाटलं, मग पाण्यात नुसते डोळे तरंगताना दिसले. काचेसारखे पारदर्शक बेडूकमासे, मधल्या पाण्यात स्थिर, फक्त शेपटीचं टोक हलतंय. चिमुकल्या मायक्रोहायला बेडकाचे. ह्यांना चोच नाही की दातांच्या ओळी नाहीत. खरवडतच नाहीत, पाणी आत घेऊन त्यातला बारीक शेवाळाचा कण गाळून खातात. आमच्या काळ्यांच्या शेजारी ठेवले तर एका वर्गातले वाटणार नाहीत.

उतरताना घाटात, जिथं कातळावरून पाणी झिरपतं, तिथं आणखी एक गंमत. उभ्या ओल्या दगडावर चपटी, लांब शेपटीची पिल्लं चिकटलेली. हात जवळ नेला तर उडी मारून खाली सटकली. बेडूकमासा आणि पाण्याबाहेर! इंडिराना गटातल्या बेडकांची पिल्लं अशी ओल्या कातळाच्या पापुद्र्याएवढ्या पाण्यावर वाढतात. काहीही उचलून आणलं नाही. फोटो हलले.

आपल्या झुडपी बेडकांचं तर आणखी वेगळं. त्यांच्यात बेडूकमासा हा टप्पाच नाही, अंड्यातून थेट चार पायांचं पिल्लू. पुतणी म्हणे, "मग त्यांचा प्रकल्प एका दिवसात झाला असता."

३ जुलै

मागचे पाय. खरं तर आठवडाभर शेपटीच्या मुळाशी दोन कोंब दिसत होते, आज बोटं मोजता आली.

टाकीत मी ओढ्यातली पाणवनस्पती टाकली होती, त्यातून चतुराची अळी आली. तिनं खालचा ओठ हात लांब केल्यासारखा झटक्यात पुढं काढला आणि एक पिल्लू पकडलं. पुढचं बघण्यासारखं होतं. ढग फुटला. दूरचे, ज्यांना अळी दिसणं शक्य नव्हतं, तेही वीसेक सेकंदांत तळाला जाऊन निपचित. जखमी पिल्लाच्या कातडीतून पाण्यात काही तरी मिसळतं आणि त्याच्या वासानं बाकीचे सावध होतात. पंधरा-वीस मिनिटं एकही हलला नाही. अळी काढून ओढ्यात सोडली. पोऱ्या म्हणाला, मारून टाकायची. का? तिचंही तेच वय आहे.

७ जुलै

१९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना जनावराची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच बेडूक व्हायला लागले, आकारानं मात्र इवलेसे. पुतणीनं हे जेवताना सांगितलं आणि तिची नजर आजीच्या गोळ्यांच्या डबीवर गेली. आईची रोज सकाळची थायरॉइडची गोळी. माणसात आणि बेडकात हॉर्मोन तेच.

आई म्हणाली, "माझी गोळी बेडकाला? आधी मला तरी पाय फुटू देत, गुडघे गेलेत माझे."

गोळी दिली नाही.

१२ जुलै

आज दोघांना पुढचे पाय. डावा पाय श्वासाच्या त्याच डाव्या छिद्रातून कोपर पुढं करून बाहेर आला, उजव्यानं कातडी फाडून वाट केली. पाय आत कधीचेच तयार होते, पडद्यामागं घडी घालून.

पुढचे पाय आले की खाणं बंद. चोच गळते, तोंड रुंदावतं, कॉइल आखडते. खायला तोंड नाही आणि पोटाची पुनर्रचना चालू, मग चालतंय कशावर? शेपटीवर. शेपूट तुटत नाही, आतल्या आत जिरते. पुन्हा बॅटरी, फक्त ह्या वेळी मागं लावलेली.

टाकीत विटांचा उतार केला. फुप्फुसं चालू झालीत, आता बाहेर यायला जागा नसेल तर पाण्यात जन्मलेलं जनावर पाण्यातच बुडून मरेल. उताराआधीच एक गेला होता.

१७ जुलै, आषाढी

दुकान बंद. सकाळी उतारावर अकरा जण. नऊ मिलिमीटर, म्हणजे शेपटीसकट होते त्याच्या निम्म्याहूनही कमी. मोठे व्हायच्या ऐवजी लहान झाले म्हणून पुतणी हिरमुसली. आईनं साबुदाण्याचे दोन दाणे समोर टाकून पाहिले. उपवास त्यांचाही असावा. हलणारं काही असेल तरच जीभ बाहेर येते. मुंगी आली तेव्हा एकानं झडप घातली, चुकली, पुन्हा घातली.

२१ जुलै, रविवार

संध्याकाळी भुरभुर होती, त्यामुळं आजच सोडायचं ठरवलं. कोरड्या दिवशी सोडले असते तर एवढ्याशा कातडीनं तासाभरात वाळले असते. टब आणि टाकी मिळून ३१२ मोजले. हौदाचे हौदामागच्या गवतात, चरातले चरापाशी. सोडल्यावर दहा मिनिटांत एकही दिसेना, फक्त गवताची पाती मधूनच हलत होती.

टाकीत चौदा उरलेत, त्यांना अजून पुढचे पाय नाहीत. सगळी एकाच रात्रीची अंडी, एकच पाणी, तरी हे मागं. दाटीत खायला कमी पडलं असावं.

हौद उद्या उपसून धुवायचा आहे, कोरेगावचे दोन पंप आलेत. केबलला मात्र काल रात्री नवीन माळ गुंडाळलेली दिसली. पोऱ्याला सांगितलंय, आधी गाळणी घेऊन ये.